'ब' भिंतीचे चार दिवस

७ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या दवाखान्याची फाईल आज टेबलावर आली. तळमजला आणि वर एक मजला, तपासणीच्या पाच खोल्या, औषधांची खिडकी, नव्वद माणसं बसतील एवढी प्रतीक्षेची जागा. नकाशे खात्याबाहेरच्या एका आर्किटेक्ट बाईंनी केलेत. रेषा स्वच्छ, आकडे बरोबर. असं क्वचित आढळतं म्हणून नोंद.

माझं काम नेहमीचं. अंदाजपत्रकातली एकेक बाब वाचायची, तिच्यापुढे 'उपयोग' नावाचा रकाना असतो त्यात काय लिहिलंय ते बघायचं, आणि उपयोग पटला नाही तर लाल पेन्सिल फिरवायची. एकवीस वर्षं हेच करतोय. खात्यात मला 'कात्री' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण एकदा शिपायाच्या तोंडून "कात्रीसाहेब, चहा?" असं निसटलं होतं. मी चहा घेतला.

लोकांना वाटतं मला सुंदर गोष्टींचं वावडं आहे. तसं काही नाही. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यातली गोल खिडकी काढली आणि त्या पैशांत मुलींसाठी दोन जास्तीची स्वच्छतागृहं बसवली. गोल खिडकी नाही म्हणून कुणी शाळा सोडल्याचं ऐकलं नाही. स्वच्छतागृह नाही म्हणून सोडतात.

आज सोळा बाबी काढल्या. सतराव्या बाबीवर पेन्सिल थांबली. रस्त्याकडची दर्शनी बाजू आणि प्रतीक्षेच्या जागेची लांब भिंत, उघड्या विटांची, गिलावा न करता, विटांमधले सांधे हाताने भरलेले. एकूण तीनशे चाळीस चौरस मीटर. 'उपयोग' या रकान्यात बाईंनी एकच शब्द लिहिलाय : बघणे.

पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि फाईल मिटली.

९ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक झाली. मोठे साहेब, आर्किटेक्ट बाई, ठेकेदार, त्याचा मुकादम आणि मी.

मी म्हणालो, "बघणे हा उपयोग नाही."

बाई म्हणाल्या, "तिथे तापाने फणफणलेला माणूस दोन तास बसणार आहे. तो काय करेल?"

"नंबरची वाट बघेल."

"बघा, म्हणजे बघेलच."

साहेब हसले. मीही हसलो असतो, पण इतिवृत्त माझ्याकडे होतं. बाईंचा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो बरा होता. रंगवलेली भिंत दर तीन वर्षांनी रंगवावी लागते, आणि आपलं खातं ती सहा वर्षं रंगवत नाही. मधली तीन वर्षं माणसं पोपडे बघत बसतात. विटेला रंग लागत नाही. मी म्हणालो, हे खरं आहे, पण असं काम करणारे गवंडी आता राहिले कुठे? बिनगिलाव्याच्या भिंतीत चूक झाकता येत नाही. सगळे गिलाव्याच्या भरवशावर भिंती उभ्या करतात.

तेव्हा मागे बसलेला मुकादम, केस पांढरे झालेला, शांत माणूस, म्हणाला, "आहे एक जण. विचारून बघतो." आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, माझ्या शर्टाला काही लागलंय.

शेवटी साहेबांनी नेहमीचा तोडगा काढला. जागेवर तीन नमुना भिंती बांधायच्या, प्रत्येकी दोन मीटर लांब आणि दीड मीटर उंच. 'अ' गिलावा आणि रंगाची, 'ब' उघड्या विटांची, 'क' फरशी चिकटवलेली. बघायचं, हिशोब मांडायचा, एक निवडायची. निवड झाली की तिन्ही पाडायच्या.

१२ फेब्रुवारी, रविवार

घरी. विशेष काही नाही. जुने नकाशे काढायला माळ्यावर चढलो तर तिथे धूळ नव्हती. हिने साफ केलं असावं. अप्पांची औजारांची पिशवी मी कोपऱ्यात ठेवली होती, ती आता पुढे होती.

पिशवी मीच वर टाकली. गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या गच्चीचा कठडा दुरुस्त करताना अप्पा स्टुलावरून पडले. तीन आठवडे अंथरुणात होते. वय त्र्याहत्तर. त्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणालो, "यापुढे एक वीट जरी उचललीत तर माझ्याशी गाठ आहे." अप्पा भांडले असते तर बरं झालं असतं. मी घाबरलो होतो, हे मला त्यांना सांगता आलं असतं.

तेव्हापासून ते खिडकीशी बसतात. घड्याळाला किल्ली देतात, संध्याकाळी परत देऊन बघतात. ही म्हणते, माणूस आतून बसत चाललाय. मी म्हणालो, माणसाला छंद हवा. हल्ली ते वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जातो म्हणाले. चांगली गोष्ट आहे.

१५ फेब्रुवारी, बुधवार

विम्याचा अर्ज भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात नेहमीप्रमाणे 'निवृत्त' लिहिलं. नवा कारकून चौकस आहे. "कुठून निवृत्त, साहेब?"

"बांधकामातून."

"अच्छा, म्हणजे आपल्याच खात्यातून."

मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

मुकादमाचा निरोप : 'ब' साठी गवंडी मिळाला. सोमवारपासून सुरू.

२० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाथरूममधली लोखंडी बादली उचलायला गेलो तर कडी नाही. तीच कडी, हाताला रुतते म्हणून मुलीने जिला हिरवी दोरी गुंडाळली होती. हिला विचारलं.

"तुटली," ही म्हणाली.

"मग तुकडे कुठे आहेत?"

"आता तुकड्यांचंही अंदाजपत्रक करायचंय का?"

बादली दोन्ही हातांनी कवटाळून नेली. पँट भिजली. ऑफिसला उशीर, सात मिनिटं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

चार वाजता जागेवर गेलो. 'अ' एका दिवसात उभी राहिली, आता सुकतेय. 'क' च्या फरश्या चिकटवायचं काम चालू. 'ब' अर्धी झाली होती आणि तिथे कुणीच नव्हतं. मुकादम म्हणाला, "ते दोनला जातात. घरी अडचण असते."

"आणि येतात कधी?"

"अकराला."

ही असली माणसं घेऊन शहर बांधायचं म्हणजे कठीण आहे. हजेरीच्या रजिस्टरमध्ये मात्र पूर्ण दिवस लावलेला. ठेकेदारांची ही जुनी खोड आहे. आपण रजिस्टर बघायचं, कारण सही त्याच्यावर असते.

भिंत मात्र बघितली. ओळंबा लावला. दोरा केसभरही हलला नाही.

२२ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना अप्पांना विचारलं, आज पेपरात काय विशेष. म्हणाले, "तेच ते." पाणीपट्टी वाढल्याची बातमी आजच्या सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर आहे, ती त्यांना माहीत नव्हती. वाचतात की तिथे डुलकी काढतात देव जाणे. हल्ली साडेआठलाच झोपतात. जेवताना डावा हात टेबलाखाली ठेवतात, आणि उजवाही घास घेतला की लगेच खाली जातो. हाताला मुंग्या येतात का विचारलं. मुलगी खोकायला लागली आणि विषय राहिला.

भूक मात्र वाढलीय.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिन्ही भिंती तयार. 'ब' काल पुरी झाली. मी, बाई आणि मुकादम असे बघायला गेलो.

'अ' विषयी लिहिण्यासारखं काही नाही, तोच तिचा गुण आहे. 'क' चकचकीत, हॉटेलच्या जिन्यासारखी. 'ब' समोर बाई खाली वाकल्या आणि सांध्यावरून बोट फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. सांधा किंचित खोलगट, सगळीकडे सारखा. पाणी त्यात थांबणार नाही, आणि कडेने ऊन आलं की प्रत्येक विटेखाली बारीक सावली पडते.

"कशाने ओढलाय हा?" बाईंनी विचारलं. "बाजारात असं हत्यार मिळत नाही."

मुकादम म्हणाला, "त्यांचं स्वतःचं आहे," आणि उगीच दुसरीकडे बघत हसला.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी एक बाई भाजीची पिशवी खाली ठेवून 'ब' ला पाठ टेकून उभी राहिली. मागे 'अ' होती, बाजूला 'क' होती. ती 'ब' ला टेकली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण चार मिनिटं तरी असेल. अशा गोष्टीला रकाना नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

रजिस्टर ताब्यात घेतलं. 'अ' : गवंडी एक, दिवस एक. 'क' : गवंडी एक, दिवस दोन. 'ब' : गवंडी एक, दिवस चार.

२७ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर दरांचा हिशोब. तीन चौरस मीटरला चार दिवस, म्हणजे तीनशे चाळीसला साडेचारशेहून जास्त दिवस. दहा वर्षांचा रंग वाचेल तो वजा केला. पोपडे, ओल, सगळं प्रामाणिकपणे वजा केलं. तरी 'ब' ही 'क' पेक्षा बावीस टक्के महाग. 'अ' सर्वांत स्वस्त.

दोनदा तपासलं. दुसऱ्या वेळी आकडा बदलावा असं वाटत होतं, हे कबूल करतो. बदलला नाही.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना अप्पांनी आपणहून विचारलं, "त्या तीन भिंतींचं काय ठरलं?"

मला बरं वाटलं. वर्षभरात त्यांनी माझ्या कामाबद्दल काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं, शुक्रवारी ठरेल, पण 'अ' होणार हे नक्की.

"आणि विटांची?"

"ती परवडत नाही. गवंडी फार हळू आहे. वय झालेलं दिसतंय."

अप्पांचा घास हातातच राहिला. ही पाणी आणायला उठली. पाणी टेबलावर होतं.

"काम वाईट आहे का?" अप्पा म्हणाले.

"काम उत्तम आहे. एकवीस वर्षांत असं पाहिलं नाही. पण उत्तम कामाला वेगळा दर नसतो ना, अप्पा. शेवटी वेळ मोजतात."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "हळू झाला असेल तर थांबावं माणसाने."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवा हो." तिचा सूर मला आवडला नाही. परीक्षा जवळ आल्यात, त्याचा ताण असेल.

३ मार्च, शुक्रवार

समितीने 'अ' निवडली. साहेब म्हणाले, "दिसायला 'ब' च. पण चार दिवस म्हणजे आपली चेष्टा होईल." बाई माझा हिशोब ओळीओळीने वाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चूक सापडत नाही." त्या रागावल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. नुसत्या कागद सारखे करून निघून गेल्या.

नमुना भिंती गुरुवारी पाडायच्या. घरी सांगितलं. अप्पा खिडकीशी होते. वाचनालय बंद केलंय त्यांनी, डोळे दुखतात म्हणे.

९ मार्च, गुरुवार

पाडकामाला हजर राहिलो. मलब्याचं माप घ्यायचं असतं.

'अ' पंधरा मिनिटांत. 'क' च्या फरश्या आधी सोडवून घेतल्या, मग अर्धा तास. 'ब' ला दोघं जण साडेदहाला लागले. बारापर्यंत वरचे तीन थर निघाले. विटा फुटत होत्या, सांधे सुटत नव्हते. एक मजूर म्हणाला, "हिला काय खाऊ घालून बांधलंय?" शेवटची वीट निघाली तेव्हा पावणेचार झाले होते.

मापाची टेप राहिली होती म्हणून मुकादमाच्या शेडमध्ये गेलो. खिळ्याला एक कडी टांगली होती. बादलीची. वाकवून सरळ केलेली, टोक घासून गुळगुळीत. मुठीच्या जागी हिरवी दोरी.

मुकादम दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, साहेब. पंधरा वर्षं. तुम्ही शाळेच्या गणवेशात डबा घेऊन यायचात. तुम्हाला आठवणार नाही."

मला आठवलं. डबा द्यायला जायला मला आवडायचं नाही, हेही आठवलं. फाटकाबाहेर ठेवून पळायचो.

घरी आलो तो सरळ मागच्या अंगणात. तिथली भिंत अप्पांनी तीस वर्षांपूर्वी बांधली. आम्ही तिला सायकल टेकवतो. सांध्यावरून बोट फिरवलं. खोलगट, सगळीकडे सारखा.

जेवायला बसलो. कडी माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती. अर्धं जेवण झाल्यावर अप्पा म्हणाले, "आज पाडल्या का रे?"

"हो."

"विटांचीला किती वेळ लागला?"

"साडेदहा ते पावणेचार. दोन माणसं."

त्यांनी मान हलवली. मग आणखी भात मागून घेतला.

१० मार्च, शुक्रवार

आज ऑफिसात ही वही घेऊन गेलो, जे मी कधी करत नाही. २१ फेब्रुवारीचं पान काढलं. 'अकराला येतात, दोनला जातात.' माझ्याच अक्षरात. सोमवार ते गुरुवार, रोज तीन तास. एकूण बारा तास. म्हणजे दीड दिवस. मी चार धरले.

सगळं माहीत असून मी रजिस्टर धरलं, कारण सही त्याच्यावर होती. हिशोब परत मांडला. 'ब' ही 'क' पेक्षा स्वस्त येते. दहा वर्षं धरली तर 'अ' पेक्षाही.

तीनदा तपासलं.

११ मार्च, शनिवार

दुपारची जेवणं झाल्यावर मी वही आणि पेन्सिल घेऊन अप्पांसमोर बसलो. हिला आणि मुलीलाही बोलावलं. कडी टेबलावर ठेवली.

ही म्हणाली, "मी पाठवलं त्यांना. मुकादम विचारायला आले होते. मी बजावलं होतं, तीन तास, त्याच्यावर एक मिनिट नाही, आणि पाय जमिनीवर. स्टूल दिसलं तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. डबा मी द्यायचे. आता मला बोल काय बोलायचं ते."

"आजोबांना हिरवी दोरी मी दिली," मुलगी म्हणाली. ती दिली नव्हती, आधीपासूनच होती. पण तिला कटात हिस्सा हवा होता.

मी म्हणालो, "मला फक्त तास हवेत. अकरा ते दोन, चारही दिवस? मध्ये सुट्टी?"

"जेवायला दहा मिनिटं," अप्पा म्हणाले. चुकलेल्या विद्यार्थ्यासारखे बसले होते, दोन्ही हात टेबलाखाली. "मला ठाऊक आहे रे, हळू झालोय. गुडघा वाकत नाही. तुझं बरोबर होतं."

"बारा तासांत तीन चौरस मीटर," मी म्हणालो. "खात्याचा दर काढताना चांगला, जवान गवंडी धरतात. उघड्या विटांचं काम त्याला सोळा तासांचं धरलंय. तुम्ही हळू नव्हतात, अप्पा. मी चुकीचं मोजलं."

अप्पांनी मान वर केली.

"परत सांग."

मी परत सांगितलं. जवानाला सोळा, तुम्हाला बारा.

"गुडघा धरून?"

"गुडघा धरून."

त्यांनी कडी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "मग पाडली कशाला?" विचारताना आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी म्हणालो, माझ्यामुळे. तुम्ही लपून गेलात म्हणून तास लपले, आणि लपून का गेलात ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. ते पडले त्या दिवसाबद्दलही सांगणार होतो, घाबरलो होतो ते. ते सांगितलं, पण अर्धवट, आणि वहीत बघत.

अप्पा उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

१३ मार्च, सोमवार

फाईलमध्ये टिपण जोडलं. इथे नक्कल ठेवतो.

'नमुना भिंत ब : दराच्या हिशोबात चूक झाली आहे. हजेरीपटावरील चार दिवस पूर्ण धरण्यात आले; प्रत्यक्ष काम बारा तासांचे होते. हिशोब करतेवेळी ही माहिती माझ्याकडे होती व मी ती वापरली नाही. सुधारित हिशोब सोबत. सदर भिंतीचे गवंडी माझे वडील आहेत, ही बाब मला ९ मार्चला कळली.'

साहेबांनी दोनदा वाचलं. "शेवटचं वाक्य कशाला? तास सुधारा, विषय संपला. गवंडी कोण, हे कोण विचारतंय?"

मी म्हणालो, तास कुठून आले हे सांगितलं नाही तर सुधारणा टिकत नाही. हे खरं आहे. ते वाक्य लिहिताना पेन्सिल घेतली नाही, शाई घेतली, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

परत येताना कारकुनाकडून विम्याचा अर्ज मागून घेतला आणि तो रकाना दुरुस्त केला. तो चौकस कारकून काहीतरी विचारणार होता. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याने शिक्का मारला.

२० मार्च, सोमवार

निर्णय आला. एक, हितसंबंध असल्याने दवाखान्याचं काम माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिलंय. दोन, मला लेखी समज. एकवीस वर्षांत पहिली. तीन, 'ब' परत बांधायची, दोन तरुण गवंडी लावून, घड्याळी तास मोजून. जुन्या गवंड्यांनी शिकवायला यावं अशी आर्किटेक्टची शिफारस, ती मान्य.

निवडतील की नाही, माहीत नाही. तरुणांना वीस तास लागले तर 'ब' परत पडेल, आणि या वेळी हिशोब बरोबर असेल. तसं झालं तर मीही तोच दिला असता.

दुपारी बाईंचा फोन आला. "तुमच्या वडिलांसाठी स्टूल ठेवू की खुर्ची?"

"खुर्ची. पाठ असलेली."

"उपयोग?" त्यांनी विचारलं. मी हसलो. इतिवृत्त आता दुसऱ्याकडे आहे.

संध्याकाळी माळ्यावर चढून पिशवी खाली काढली. थापी, ओळंबा, दोरीचा गुंडा. वजन माझ्या आठवणीपेक्षा जास्त होतं. बाथरूमसाठी प्लास्टिकची बादली आणली.

२२ मार्च, बुधवार

अप्पा सकाळी माझ्याबरोबरच निघाले, पिशवी खांद्यावर. कोपऱ्यावर मी ती घ्यायला हात पुढे केला. दिली नाही.

फाटकापर्यंत गेलो. आत मला जाता येत नाही, काम माझं नाही. हिने डबा माझ्याकडे दिला होता, तो मी हातात दिला आणि ते खुर्चीपर्यंत पोचेतो तिथेच उभा राहिलो. ऑफिसला उशीर, वीस मिनिटं.

रात्री जेवताना राहवलं नाही. "कसे आहेत ते दोघे? किती थर झाले? तास किती लागले आज?"

अप्पा शांतपणे जेवत होते. "ते तुला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तू त्या कामावर नाहीस."

मुलीला हसू आवरेना. हिने तोंड फिरवलं. मी आमटी वाढून घेतली. अप्पांच्या नखांत सिमेंट होतं, आणि दोन्ही हात टेबलावर होते.